शिवेवरची तारीख

“उघडलं का जी?” आत्यानं विचारलं.

“फिरून रायलं,” हिरामण नाकाडे पाटील म्हणाले.

पाटील आंबेटोल्याच्या नाटक कमिटीचे अध्यक्ष. आत्याच्या ऑफिसात बसून त्यांनी आपला फोन हातभर लांब धरला होता आणि त्यावर आमच्या नाट्यकंपनीची वेबसाइट उघडायची वाट पाहत होते. फोनवर गोल चक्र फिरत होतं. पाटलांचा चहा पिऊन झाला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून झाला, तोंडात टाकून झाला, चक्र आपलं फिरतंच. शेवटी फोन तापला म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बेबीताई, तुमचा पडदा काही उठत नाही बा.”

पाटील सहज बोलले, पण आत्याचा चेहरा खर्रकन उतरला.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरघर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसभर जत्रा, आणि रात्री नाटक. तेही उशिरा सुरू होऊन उजाडेपर्यंत चालणारं. मंडईचा दिवस प्रत्येक गावाचा ठरलेला. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल, पण मंडई हलायची नाही. म्हणून दसरा झाला की गावोगावचे लोक जीप भरून वडशाला येतात, कंपन्यांच्या ऑफिसांतून हिंडतात आणि आपल्या मंडईची तारीख पक्की करून जातात.

माझी आत्या, बेबी बारसागडे, हिनं तरुणपणी रंगमंच गाजवला आणि मग स्वतःची कंपनी काढली. बाईमाणूस कंपनी काय चालवणार म्हणून सगळं वडसा हसलं होतं. तिनं ती चालवली, वर हसणाऱ्यांना फुकट पासही दिले. तिचा बाणा एकच, दिलेली तारीख मोडायची नाही. ताप असो, नाल्याला पूर असो, पडदा उठणार म्हणजे उठणार. पण आदल्या वर्षी ऐन मंडईच्या दिवसांत आमचा हिरो रुसून निघून गेला आणि समोरच्याच गाळ्यात त्यानं आपली वेगळी कंपनी उघडली. त्या भानगडीत आत्याची एक तारीख मोडली. गाव मंडपात बसून राहिलं आणि आमची गाडी गेलीच नाही. आत्या त्या गावात जाऊन हात जोडून आली, पण मनातून खचली. यंदा सीझनच्या तोंडावर तिनं एक नवं कोरं कुलूप आणून खिळ्याला लटकवलं आणि आम्हाला सांगितलं, यंदा एक जरी तारीख मोडली तर हे ऑफिसच्या दाराला लागेल आणि परत निघणार नाही. ती बोलली म्हणजे बोलली. आत्या आमच्या घरात कुणाचं ऐकत नाही. देवाचंही अर्धंच ऐकते.

वेबसाइटसुद्धा तिनं त्या धास्तीनंच करून घेतली होती. कोणती तारीख मोकळी, कोणती गेली, हे गावातल्या गावात फोनवर दिसावं, गोंधळ नको. नागपूरच्या एका पोरानं ती बनवून दिली. काय तो थाट! मखमली पडदा सरकायचा, तुतारी वाजायची, आत्याचे जुने फोटो गरगर फिरायचे. नागपुरात बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. वडशात मात्र ती रखडायची आणि खेड्यात तर उघडायचीच नाही, कारण आमच्या गावांत फोनला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर.

मी नागपूरहून कंप्युटरचा कोर्स संपवून नुकतीच घरी आले होते आणि माशा मारत बसले होते. पाटील गेल्यावर आत्यानं मला समोर बसवलं.

“सुनू, एवढी शिकली ना वं तू? मंग हे हलकं करून दे.”

मी दिलं. म्हणजे सगळं काढूनच टाकलं, पडदा, तुतारी, सगळं. त्या जागी महिन्याचं साधं कॅलेंडर ठेवलं. पांढरा चौकोन म्हणजे मोकळी तारीख. चौकोनावर बोट ठेवा, आपल्या गावाचं नाव निवडा, की चौकोन लाल होतो, त्यात गावाचं नाव येतं आणि मग दुसऱ्या कुणालाही तो घेता येत नाही. एक चौकोन, एक गाव. हे सगळं मी एका चिमुकल्या लायब्ररीच्या जोरावर केलं होतं, आणि त्याचा मला फार गर्व झाला होता, हे कबूल करते.

पण जे समजत नाही ते आत्या मंचावर आणत नाही. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची का, इथपासून सुरुवात झाली. मी तिला समजावू लागले. वेब पेज म्हणजे नुसता उभा देखावा. अक्षरं, चौकोन, बटणं जागच्या जागी गप्प उभी. त्यांना हलवायचं, लपवायचं, रंग बदलायला लावायचा, तर जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत हुकूम लिहावे लागतात. एवढ्याशा हालचालीला हातभर हुकूम, आणि फोन बदलला की त्यातही फरक. म्हणून कुणीतरी नेहमी लागणारे हुकूम आधीच लिहून, तपासून त्यांचं गाठोडं बांधून ठेवतं. ते गाठोडं म्हणजे लायब्ररी. नागपूरच्या पोरानं संसारभर मोठं गाठोडं आणलं होतं आणि वापरलं त्यातलं चमचाभर. माझ्या लायब्ररीला थोडंच येतं. पेजवरची वस्तू हुडकायची, तिला बोट लागलं की ओळखायचं आणि मी सांगितलेलं तिच्याकडून करून घ्यायचं. बस. म्हणून ती टाकीवर न चढताही उघडते.

आत्यानं सुपारीचं खांड गालात सरकवलं.

“म्हंजे आपला प्रॉम्प्टर,” ती म्हणाली.

आमच्याकडे तालमींना वेळ नसतो. नट आज या गावात, उद्या त्या गावात. पडद्याआडून प्रॉम्प्टर हळूच वाक्य सांगतो आणि पुढे नट ते गर्जून म्हणतो. प्रॉम्प्टर कुणाला दिसत नाही, टाळ्याही त्याला मिळत नाहीत. मी म्हटलं, अगदी तसंच. त्यावर तिनं असा प्रश्न विचारला की मी चाटच पडले. नट मंचावर यायच्या आधीच प्रॉम्प्टर बोलायला लागला तर? मी सांगितलं, त्याचीही सोय आहे. लायब्ररीला बजावून ठेवायचं की आधी अख्खं पेज जागेवर येऊ दे, मग तोंड उघड. कोर्सला आमच्या अर्ध्या वर्गाला हे परीक्षेपर्यंत कळलं नव्हतं.

आत्याला पेज एवढं पटलं की तिनं सगळ्या गावांच्या कमिट्यांना बोलावून त्याची रीतसर ओळख करून द्यायचं ठरवलं. ऑफिसच्या मागे मांडव घातला, पोहे केले, आणि मला माइकसमोर उभं केलं. लोक प्रेमळ. एकानं विचारलं, ही लायब्ररी बनवली कोणी? मी म्हटलं, दूर परदेशातल्या कुण्या पोरांनी, आणि फुकट वाटली. फुकट काहून, म्हणून कुजबुज झाली. तेव्हा नाकाडे पाटीलच उठून म्हणाले की आपल्या मंडईत दंडार करतात ते लोक काय पैसे घेतात का? नाचता येते म्हणून नाचतात. मांडवाला ते लगेच पटलं.

शेवटी कुरुडझरीचे गहाणे मास्तर उभे राहिले. मास्तर म्हणजे अतिशय नेमका माणूस, गावच्या कमिटीचे सेक्रेटरी. कुरुडझरी यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. मास्तरांनी चष्मा पुसत विचारलं, “कंप्युटरची तारीख रात्री बाराले बदलते ना?”

“हो,” मी छाती फुगवून सांगितलं. “बाराच्या ठोक्याला.”

मास्तर समाधानानं खाली बसले. मला वाटलं, चला, एक तरी जाणकार भेटला.

पुढच्या आठवड्यात कॅलेंडर असं भराभरा लाल होत गेलं की आत्या दर थोड्या वेळानं येऊन माझ्या खांद्यावरून डोकावायची. बुधवारी आंबेटोला. गुरुवारी कुरुडझरी. शुक्रवारी आणखी कुणी. कुरुडझरीची मंडई खरं तर बुधवारची, पण बरीच गावं मंडईच्या दुसऱ्या दिवशी नाटक ठेवतात, जावई मुक्कामालाच असतात; तेव्हा आत्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. समोरच्या गाळ्यातला आमचा माजी हिरो दारात उभा राहून आमच्याकडची वर्दळ बघायचा आणि मिशीला पीळ भरायचा. आत्या मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसायची. ती खुशीत असली की जुन्या नाटकातली पदं गुणगुणते, तशी दिवसभर गुणगुणत होती.

दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधीची दुपार. नाकाडे पाटील ऑफिसात बसून नटांच्या जेवणाचं ठरवत होते, तेवढ्यात गहाणे मास्तर आले. त्यांनी छापून आणलेली जाहिरातपत्रकं कौतुकानं टेबलावर ठेवली आणि आत्याला म्हणाले, “तर मंग बुधवारी भेटू.”

आत्या हसली. “गुरुवारी म्हना, मास्तर.”

“बुधवारी रात्री,” मास्तर म्हणाले. “आमची मंडई बुधवारी, नाटक बुधवारी रात्री. हे पाहा, छापलं आहे.”

“बुधवारी रात्री ताई आमच्याकडे आहेत,” पाटील म्हणाले.

“तुम्ही गुरुवार दाबला ना पेजवर?” मी मध्येच बोलले.

मास्तरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “नाटकाची तिसरी घंटा होते रात्री बाराले. बारा वाजले की कंप्युटरमधी गुरुवार लागते. तूच तर सांगतलं, भर सभेत. बुधवार दाबला असता तर तुमी आदल्या रात्री आले असते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तरांचं गणित चोख होतं, हेच तर दुखणं होतं. आमच्या भागात रात्र आदल्या दिवसाच्या पदरात असते. कोंबडा आरवेपर्यंत बुधवार तो बुधवारच. अख्ख्या झाडीपट्टीत बाराच्या ठोक्याला गुरुवार मानणारा माणूस एकच निघाला आणि तो आमच्याच वाट्याला आला.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. आंबेटोला आणि कुरुडझरी ही शेजारची गावं, पण त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य. मागच्या पिढीत शंकरपटात कोणाची बैलजोडी पहिली आली यावरून भांडण झालं होतं. तेव्हा कुरुडझरीनं रागानं, एरवी कधी न हलणारी आपली मंडई उचलून आंबेटोल्याच्या दिवशीच ठेवली, म्हणजे कुणी कुणाकडे जायलाच नको. पाटील म्हणाले, आमचे जावई निघाले आहेत. मास्तर म्हणाले, आमचे पोचले आहेत. पाटलांनी बैलजोडी काढली. मास्तरांनी त्या बैलजोडीचा बाप काढला. आवाज ऐकून समोरून हिरोच्या कंपनीचा मॅनेजर आला आणि दारातूनच म्हणाला की बुधवारची रात्र त्यांच्याकडे मोकळी आहे, कुणी येत असेल तर चला.

मी आत्याला आत नेलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्या नव्हतं. मी म्हटलं, “आत्या, एक गाव जाऊ दे त्यांच्याकडे. चूक आपली नाही.”

“तारीख मी दिली,” ती म्हणाली. “पेजवर माह्या कंपनीचं नाव होतं का त्याच्या? माही तारीख दुसरा कसा पाळल?”

तिनं खिळ्यावरचं कुलूप काढलं आणि किल्ली फिरवून ते लागतं का पाहिलं. मला वाटलं, संपलं. ती ते घेऊनच बाहेर आली. पाटील आणि मास्तर कुलूप बघून भांडायचे थांबले. त्या कुलुपाची गोष्ट सगळ्या गावांना माहीत होती.

“पाटील,” आत्यानं विचारलं, “तुमची आन् यांची शीव कुठं लागते?”

पाटलांनी सांगितलं, मोहाच्या झाडापासून नाल्यापर्यंत धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे खाचरांमधून, मातीचा जो धुरा जातो, तीच शीव.

“अन् त्या अंगच्या बांध्यात धान कोनतं?”

“हलकं,” मास्तर म्हणाले. “कापून झालं. मोकळ्या पडल्या बांध्या.”

“दोन्ही बाजूच्या?”

“दोन्ही.”

आत्यानं कुलूप टेबलावर ठेवलं. “मंग माहा मंच त्या धुऱ्यावर बसल. अर्धा आंबेटोल्यात, अर्धा कुरुडझरीत. नाटक आंबेटोल्यात होनार, बुधवारी. नाटक कुरुडझरीत होनार, बुधवारी. मी दोघांलेही तारीख दिली, दोघांचीही पाळते. आता ज्याले यायचं नसल त्यानं आपल्या गावातल्या नाटकाले जाऊ नये.”

पाटील मास्तरांकडे बघेनात, मास्तर पाटलांकडे. मॅनेजर हळूच निघून गेला. मग मास्तरांनी नेमकेपणानं विचारलं, मंचाची पाठ कोणाकडे राहणार? आत्या म्हणाली, कोणाकडेच नाही, धुरा मंचाच्या मधोमध उभा जाईल, डावी बाजू तुमची, उजवी त्यांची. पाटलांनी विचारलं, नारळ कोण फोडणार? आत्या म्हणाली, दोन नारळ. एवढं विचारलं म्हणजे गडी तयार झाले, हे मला कळलं.

बांध्यांत ट्रक जाईना. तेव्हा आत्यानं राजवाड्याचे खांब, जंगलाचा देखावा, कारंजं, सगळं वडशालाच ठेवलं. बैलगाड्यांतून गेलं ते दोन पडदे, पेटी, तबला, दिवे आणि माणसं. बैलगाड्या दोन्ही गावांच्या आल्या होत्या आणि रस्ताभर एकमेकींच्या पुढे जायला बघत होत्या.

बुधवारी संध्याकाळी माणसं येऊ लागली. सुरुवातीला धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडून बसली. पण लोक वाढत गेले आणि ती वीतभर जागा पहिल्या तासातच गडप झाली. खरी गंमत लेकींनी केली. भांडण काही असो, सोयरिकी कुणी थांबवलेल्या नव्हत्या. आंबेटोल्याच्या कितीतरी लेकी कुरुडझरीत दिलेल्या आणि तिकडच्या इकडे. आजवर मंडईला माहेरी जायचं की सासरी राहायचं, यावर दरवर्षी घरोघरी रडारड व्हायची. त्या दिवशी बायका सासूला घेऊन आल्या आणि आईला हाक मारून शेजारी बसवून घेतलं. मी पडद्याआडून ते बघत होते. माझ्या शेजारी आत्या उभी होती. ती रडत होती आणि काजळ पुसायला माझीच ओढणी वापरत होती.

नाटक जोरात झालं. पहिल्या अंकानंतर कुरुडझरीकडून तक्रार आली की खलनायक सारखा आमच्याच हद्दीत उभा राहतो, बदनामी होते. दुसऱ्या अंकात त्याला आंबेटोल्यात उभं केलं. तिसऱ्यात तो बिचारा मधोमध धुऱ्यावरच मेला आणि त्याला दोन्हीकडून टाळ्या मिळाल्या. उजाडलं तरी लोक उठेनात. समोरच्या गाळ्यातला हिरो मागच्या रांगेत कांबळं पांघरून बसलेला सापडला. तो आत्याच्या पाया पडला आणि पडदे उतरवायला लागला.

मोहाच्या झाडाखाली पाटील आणि मास्तर एकाच बाजेवर बसून चहा पीत होते. बैलजोडीचा विषय निघाला होता, पण आवाज खालचा होता. आत्यानं मला हाताला धरून त्यांच्यासमोर नेलं आणि म्हणाली, “माही कंपनी या पोरीनं वाचवली.” मी म्हटलं, मास्तरांनी वाचवली. मास्तरांनी ते नम्रपणे मान्य केलं.

त्या सीझनला आत्याची एकही तारीख मोडली नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि मी नवं कॅलेंडर पेजवर टाकलं. सकाळी सकाळीच मंडईचा बुधवार लाल झाला, आंबेटोला. दुपारी गहाणे मास्तरांचा फोन आला.

“पोरी, तुहा पेज बिघडला. आमचं बोट घेत नाही.”

“मास्तर, गुरुवार दाबा. तो मोकळा आहे.”

“गुरुवार कायले? आमाले बुधवारच पायजे.”

मी समजावलं की ती तारीख आंबेटोल्याची झाली, एका चौकोनात एकच गाव बसतं, नियमच तसा आहे. पलीकडे फोन ओढल्याचा आवाज आला आणि नाकाडे पाटील बोलायला लागले. दोघं एकाच ओट्यावर बसून बोटं दाबत होते.

“नियम तूच केला ना? मंग तूच मोड. दोन्ही गावांची सभा झाली. नाटक धुऱ्यावरच.” मग जरा थांबून, “फक्त नाव आमचं वर ठेव.”

मागून मास्तर ओरडले की नाव त्यांचंच वर पाहिजे.

आत्या माझ्या खुर्चीमागे उभी राहून सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “कर वं.”

मी एका चौकोनात दोन गावं बसू दिली. आणि वर-खालीचा तंटा कायमचा मिटावा म्हणून माझ्या चिमुकल्या लायब्ररीला आणखी एक ओळ सांगितली, पेज उघडेल त्या प्रत्येक वेळी दोन्ही नावांची अदलाबदल कर. पेज चढवलं आणि फोन आत्याच्या हातात दिला. तिनं उघडलं. आंबेटोला, कुरुडझरी. बंद करून परत उघडलं. कुरुडझरी, आंबेटोला. दोन्ही नावं तिनं मोठ्यानं वाचली, मंचावरून घोषणा करावी तशी. मी चहा आणून ठेवला, तो गार झाला, त्यावर साय धरली. बाहेर तिसऱ्या गावाची जीप येऊन थांबली, माणसं दारात उभी राहिली. तरी आत्या आपली पेज बंद करत होती आणि उघडत होती.